पाच धंदे आणि एक काटा

"ट्रक खाली उतरणार नाई," देवरावकाका म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या हातातली किल्ली घेऊन त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

ट्रक उभा होता आदिलाबादच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, काट्यावर. हा काटा म्हणजे जमिनीलगतचा लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म. त्यावर अख्खी गाडी चढते. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, कापूस उतरवायचा, मग रिकाम्या गाडीचं घ्यायचं. मधला फरक म्हणजे कापूस. दसरा नुकताच झाला होता आणि हंगामाची पहिली गर्दी लागली होती. फाटकाबाहेर गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्याला भिडलेली.

देवरावकाका बेल्याकडचे. गावातल्या चार-पाच घरांचा कापूस एका ट्रकमध्ये भरून आणला होता.

"येता येता आमी हायवेच्या धर्मकाट्यावर वजन केलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "तिथं भरलं ते इथं भरत नाई. चाळीस-पन्नास किलो कमी! कापूस काय रस्त्यात उतरून च्या प्याले गेला?"

रांगेतले लोक हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. तेवढ्यात काकांची नजर माझ्यावर पडली.

"हा पाहा, काटेवाला आला. काऊन रे पुरुषोत्तम, कालच तू काटा बरोबर आहे म्हणून सांगून गेला ना? शेठचं खाऊन राह्यला का?"

आजवर मला लोकांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. उशिरा येतो म्हणतात, फोन उचलत नाही म्हणतात. ते सगळं खरं आहे. पण हे कुणी म्हटलं नव्हतं. माझे कान तापले.

मी काटे दुरुस्त करतो. सोनाराच्या तराजूपासून ट्रकच्या काट्यापर्यंत सगळे. नोकरी कधी केली नाही. पण काट्याचं काम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत धो धो, आणि नंतर दुकानात बसून माशा मारायच्या. म्हणून मी एकेक जोडत गेलो. आधी इन्व्हर्टर-बॅटरी, मग सीसीटीव्ही, मग देवळांचे आणि शाळांचे अॅम्प्लिफायर. शेवटी झटका मशीन. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून वावराभोवती तार ओढतात आणि तिच्यात सोलरच्या बॅटरीवरून हलका झटका सोडतात, ते हे मशीन. डुक्कर मरत नाही, पण परत त्या वाटेला जात नाही. आमच्याकडे जंगलपट्टा जवळ असल्यामुळे याला मरण नाही.

माझे सासरे या सगळ्या पसाऱ्याला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणायचे. दुकानाचा गल्ला माझी बायको वंदना सांभाळते. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "असू द्या बाबा. पावसाळ्यात त्याच चिंध्यायची गोधडी होते."

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण होती.

तर त्या काट्याचं म्हणणं काय होतं ते सांगतो. प्लॅटफॉर्मच्या खाली ठरावीक जागी लोडसेल बसवलेले असतात. लोडसेल म्हणजे मनगटाएवढा पोलादाचा ठोकळा. वजनानं तो नकळत दबला की त्याच्या आतल्या तारांमधला करंट किंचित बदलतो. सगळ्यांच्या वायर एका डबीत, म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये येतात. तिथून एक केबल केबिनमधल्या इंडिकेटरला जाते आणि तिथं आकडा दिसतो. बस्स, एवढाच खेळ आहे.

हंगाम उघडल्यापासून दोन-तीन ट्रकवाल्यांनी वजन कमी भरतं म्हणून कुरकुर केली होती. जिनिंगचे मालक शेठजी, त्यांनी काटा बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. हैदराबादहून इंजिनियर आला. माणूस हुशार आणि कामाला चोख. त्यानं एकेक लोडसेल मोजला, खात्रीसाठी इंडिकेटरही नवा लावला, सरकारी शिक्क्याची वजनं चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. सगळं बरोबर. तो गेल्यावर मला बोलावलं. मीही वजनं ठेवली, मलाही बरोबर दिसली. 'काटा ठीक आहे' म्हणून मी निघालो.

खरं तर त्या दिवशी मी काट्याखाली शिरलो की फोन वाजत होता. एका दवाखान्याचा कॅमेरा बंद होता. कोजागिरीचा कार्यक्रम होता आणि देवळाचा स्पीकर घुमत होता. मी दर वेळी रांगत बाहेर येत होतो, बोलत होतो, परत शिरत होतो.

शेठजींनी ते पाहिलं होतं. देवरावकाकांचा ट्रक अडून बसल्यावर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. शेठजी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे जास्त लागतं.

"पुरुषोत्तमभाई, तुम एक साथ पाँच घोडों पर बैठते हो. कल आधा ध्यान काटे पर था, आधा फोन पर."

"शेठजी, काम तो..."

"सुनो. मेरी चार जिनिंग हैं. आज शाम तक खराबी ढूँढ दो, चारों का एएमसी तुम्हारा. मगर फिर बाकी सब बंद. सिर्फ मेरा काम. नहीं मिली, तो कंपनी को दे दूँगा, और तुमको नमस्ते."

एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. काम निघो न निघो, ठरलेली रक्कम महिन्याला येणार. आमच्यासारख्या सुट्या माणसाला हे म्हणजे सरकारी नोकरीच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू?

पण ऑफिसातून बाहेर आलो आणि ती रांग पाहिली. त्यात बेल्याचे होते, जैनथचे होते, तामसीचे होते. निम्म्यांच्या वावरात माझं झटका मशीन होतं. कुणाच्या पोराच्या दुकानात मी कॅमेरा लावला होता. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो की पाच धंदे आहेत, एक बुडाला तर चार तारतील. पण पाचही धंद्यांवर पाटी एकच होती, पुरुषोत्तम काटेवाला. इथं 'शेठचा चोर' हा शिक्का बसला की पाचही एकदमच बसणार होते. कंत्राटाचं पुढचं पुढे. आधी नाव वाचवायचं होतं.

मी वंदनाला फोन लावला. "आज माझे सगळे फोन तुझ्याकडे वळवतो. मी कुणालाच भेटणार नाही."

"देवळाचा स्पीकर?"

"नाही."

"अन् झटक्यावाले?"

"तेही नाही. आज फक्त काटा."

ती म्हणाली, "चाला, लग्न झाल्यापासून एक काम पुरं होतानी पाह्यलं म्हनीन. जा, मी पाह्यते इकडलं."

मी देवरावकाकांकडे गेलो. "काका, किल्ली द्या. गाडी उतरवत नाही. काट्यावरच थोडी मागंपुढं घ्यायची आहे."

"मी गाडीत बसून राहीन."

"बसा."

ट्रक पुढच्या टोकाला नेला. आकडा धर्मकाट्याच्या जवळ आला. मधोमध आणला, आकडा घसरला. पुन्हा टोकाला, पुन्हा वर. काका ट्रकच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. मग मी त्यांना विनंती केली आणि ट्रक बाजूला घेऊन, धर्मकाट्यावर वजन करून आलेली एक बैलगाडी चढवली. तिचं वजन धर्मकाट्याशी तंतोतंत. छोटा टेम्पो चढवला, तोही बरोबर. फरक फक्त मोठ्या भरलेल्या गाडीत, आणि तोही गाडी मध्ये असतानाच.

शिक्क्याच्या वजनांनी हे का सापडलं नाही, ते आता कळलं. ती वजनं कोपऱ्यांवर ठेवली होती, आणि सगळी मिळून एका बैलगाडीएवढीसुद्धा भरत नव्हती.

मी कठड्यावर बसलो. लोडसेल चांगले, हे इंजिनियरनं सिद्ध केलं होतं. इंडिकेटर नवा. केबल चांगली. मग वजन जातं कुठं?

असा प्रश्न मला काट्यानं कधी विचारला नव्हता, पण झटका मशीननं शंभरदा विचारला होता. शेतकऱ्याचा फोन येतो, "मशीन चालू आहे, पण तारेत झटका नाई." तिथं मशीन उघडत बसायचं नसतं. तार धरून वावराभोवती चालायचं. कुठेतरी गवताचं एक पातं किंवा वेलीचा शेंडा तारेला टेकलेला असतो, आणि सगळा झटका तिथून जमिनीत उतरत असतो. मशीन खरं बोलत असतं. झटक्याला दुसरी वाट सापडलेली असते.

म्हणजे इथं वजनाला दुसरी वाट सापडली होती. ओझं लोडसेलवर पडायच्या आधी कुणीतरी खांदा देत होतं.

मी बॅटरी घेऊन काट्याखाली शिरलो. आज फोन नव्हता. घाई नव्हती. कडेची फट पत्र्याची पट्टी फिरवून पाहिली, सगळीकडे मोकळी. कापसाचा फुफाटा साचला होता तो ओढून काढला. कोपऱ्यांतले बोल्ट पाहिले. सरपटत सरपटत मधल्या मोठ्या बीमखाली आलो. तिथं हमालांचा देव होता.

शेंदूर फासलेला हातभर उंचीचा दगड. मी या काट्यावर यायला लागलो त्याच्याही आधीपासूनचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माणसांनी, मणक्याला सांभाळ म्हणून, वजनाच्या जागी मांडलेला. मी दरवर्षी इथं येतो, हात जोडतो आणि त्याला वळसा घालून पुढं जातो. आदल्या दिवशीही जोडले होते. इंजिनियरच्या माणसांनीही अवजाराचा धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवतीची जागा जपून सोडली होती. सगळा काटा तपासला गेला होता, एवढी जागा सोडून.

मी हात जोडले आणि तसाच थांबलो. देवाच्या टाळूवरचा शेंदूर उडालेला होता. वर बीमच्या पोटाला तोच शेंदूर लागला होता. खाली पाहिलं. दरवर्षी मातीत बसणारा देव यंदा नव्या कोऱ्या फरशीवर बसला होता.

खिशात माझं व्हिजिटिंग कार्ड होतं, पाचही धंदे छापलेलं. काटा रिकामा असताना ते देवाच्या डोक्यावरून सहज आरपार सरकलं. मी बाहेर येऊन देवरावकाकांचा ट्रक मधोमध आणायला लावला आणि परत आत गेलो. आता कार्ड फटीत शिरेना. पाच धंद्यांना मिळून जागा नव्हती.

भरल्या गाडीनं बीम मध्ये केसभर लवतो. लवायलाच हवा, लोखंडाचा तो गुणच आहे. यंदा फरशीमुळे देव तेवढाच वर आला होता, आणि लवलेला बीम त्याच्या डोक्यावर टेकत होता. चाळीस-पन्नास किलो वजन देवाच्या अंगावरून थेट जमिनीत जात होतं.

मी बाहेर येऊन हमालांच्या मुकादमाला हाक मारली. लक्ष्मणमामा, सगळ्यांत जुने.

"मामा, देवाखाली फरशी कधी आली?"

"दसऱ्याले," मामा कौतुकानं म्हणाले. "देव किती साल मातीत बसन? पोरायनं वर्गणी केली. निर्मलवरून पालिश केलेली आनली."

"मामा, देव बीमला लागतोय. ट्रकचं थोडं वजन देव घेतोय."

मामांनी डोक्यावरचा रुमाल काढला. माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. मग मागं वळून मोठ्यानं ओरडले, "आरं ऐका रे! देव आपला भार उचलून राह्यला!"

झालं. हातातली कामं टाकून सगळे हमाल काट्यापाशी आले आणि हात जोडून उभे राहिले. कुणीतरी उदबत्ती लावली. मी कपाळाला हात लावला. बिघाड सापडला होता, पण आता तो चमत्कार झाला होता. आणि चमत्काराला पाना कोण लावणार?

शेठजी बाहेर आले. "मिला क्या? तो निकालो वो पत्थर."

'पत्थर' म्हणताच हमाल एकदम गप्प झाले. त्या शांततेत मला अख्खा हंगाम बंद पडलेला दिसला. रांगेतून आवाज आला, "दगड शेठनंच ठेवला असन! आन् काटेवाला सामील!"

मी तोंड उघडायच्या आत देवरावकाका ट्रकमधून खाली उतरले.

"ए, तोंड सांभाळ," त्यांनी त्या माणसाला दटावलं. "सकाळी मीही तेच बोललो. पन आता आठवते. मांगच्या साली माह्या तारेत झटका नव्हता. ह्यानं भर पावसात वावराले दोन चकरा मारल्या आन् एक वेल तोडून देली. खोटं कराचं असतं तं नवी मशीन गळ्यात मारून गेला असता. मी खाली जाऊन पाह्यतो सोता."

काका त्या वयात धोतर खोचून काट्याखाली शिरले. बाहेर आले तेव्हा बोटाला शेंदूर होता. तो त्यांनी कपाळाला लावला आणि मामांसमोर उभे राहिले.

"मुकादम, देवानं तुमचा भार उचलला, चांगलं झालं. पन तो भार आमच्या कापसाचा होता गा. आमचा कापूस आमच्या वजनानं जाऊ द्या."

मामा आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "चूक आपलीच हाय. वझं उचलणारा देव, त्याले अंधारात कायले बसोलं? उजेडात बसवू."

पुढचं सगळं भराभर झालं. मामांनी डोक्याच्या रुमालात देव उचलला. कुठून तरी डफडं आलं. रांगेतले शेतकरी गाड्या सोडून मिरवणुकीत शिरले. फाटकाजवळच्या लिंबाखाली ओटा बांधून द्यायचं शेठजींनी कबूल केलं. ओटा होईपर्यंत देव कुठं, असा प्रश्न निघाला, तेव्हा मामांनी शेठजींच्या ऑफिसातली गादीची खुर्चीच उचलून आणली. शेठजी बघत राहिले. शेवटी त्यांनीही हात जोडले.

मग ट्रक काट्यावर आला. अगदी मधोमध. केबिनमधल्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला. देवरावकाकांनी खिशातली धर्मकाट्याची पावती काढून डोळ्यांजवळ धरली, परत लांब धरली.

"जमलं!" ते ओरडले. "बरोब्बर जमलं!"

फाटकापासून रस्त्यापर्यंत असा आरडाओरडा झाला, जणू बैलांच्या शर्यतीत कुणी जिंकलं आहे. काकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी दोन्ही केलं. आधी गेलेल्या ट्रकांचा फरक भरून द्यायचं शेठजींनी तिथंच फाटकावर उभं राहून जाहीर केलं. त्यांचंही नावच पणाला लागलं होतं, हे त्यांना कळत होतं.

संध्याकाळी त्यांनी मला परत ऑफिसात बोलावलं. आता ते लाकडी स्टुलावर बसले होते.

"देखा? एक दिन एक काम किया, तो मिल गया. कल से सिर्फ मेरे."

निम्मं त्यांचं खरं होतं. ते मी मान्य केलं. मग उरलेलं निम्मं सांगितलं.

"शेठजी, मैं सिर्फ आपका होता, तो आज फाटक पर मेरी बात कौन मानता?"

त्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"आपका काटा सही है, यह आपका आदमी बोले तो उसकी कीमत नहीं. जो उनके खेत में भी जाता है, वो बोले तो कीमत है. मुझे पूरा खरीदोगे, तो जो चीज खरीद रहे हो वही खतम हो जाएगी."

शेठजी व्यापारी माणूस. मालाची किंमत कशानं जाते हे त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. चारही जिनिंगचं कंत्राट झालं, माझ्या अटीवर. हंगामात मी फक्त काट्याचा, फोन वंदनाकडे. हंगाम संपला की मी माझा मोकळा.

घरी येऊन मी आणि वंदनानं पसारा उरकायला घेतला. सीसीटीव्ही आणि इन्व्हर्टर दुसऱ्यांना देऊन टाकले. देवळाच्या स्पीकरला रामराम केला, पुजारी अजून रुसलेला आहे. काटा ठेवला, झटका मशीन ठेवलं. एक पोट भरतं, दुसरं पोटाबरोबर डोकंही चालवतं, आणि दोघांच्या कामाचा जोर एकाच वेळी येत नाही. आमच्याकडे कपाशीत मधूनमधून तुरीचं तास, म्हणजे एखादी ओळ, टाकतात. कापूस दगा देईल त्या वर्षी तूर हात देते. पण कुणी तासाआड तूर, ज्वारी, तीळ, मूग असं सगळंच टाकत सुटला, तर त्याला कुणी हुशार शेतकरी म्हणत नाही. एवढं वावरात दिसणारं शहाणपण दुकानात यायला मला बरीच वर्षं लागली.

त्याच हंगामात आणखी काही जिनिंगवाल्यांचे निरोप आले, आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या एका गटाचाही आला. खरेदीच्या दिवशी काटा तपासायला याल का? प्रत्येक जण आधी एकच गोष्ट विचारून घेत होता.

"तुमी माणूस कोनाचे?"

"काट्याचा," मी सांगायचो, आणि भाव ठरवायचो.